गड्याची भाकरी

१९९४ च्या मे महिन्यात जालन्यातल्या एका लग्नाच्या मांडवात शुभांगी नावाची नऊ वर्षांची मुलगी पंगतीत बसल्या जागी बेशुद्ध पडली. तिला मधुमेह होता आणि तिच्या आतड्याला गहू चालत नव्हता. पंगतीला बसण्याआधी आईने तिला इन्सुलिनची सुई दिली होती. त्यानंतर तिच्यापुढचा जेवणाचा डबा उचलून नेण्यात आला. डब्यात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी होती. डबा उचलणारे गृहस्थ तिचे आजोबा दिगंबरराव होते.

दिगंबररावांचे आडनाव येथे देत नाही. त्या आडनावाची जिल्ह्यात पुष्कळ घरे आहेत आणि त्यांचा काही दोष नाही.

ते मूळचे घनसावंगीकडचे. गोदावरीच्या अंगाला जमीन, ऊस, विहिरी. १९८१ साली ते जालन्यात आले, बियाण्याचे दुकान टाकले आणि मागे दोन खोल्या भाड्याने देता येतील असे घर बांधले. त्यातल्या एका खोलीत मी राहत होतो आणि जिल्ह्याच्या दैनिकात काम करीत होतो. त्यामुळे दिगंबरराव मला दोन ठिकाणी दिसत: सकाळी अंगणात आणि संध्याकाळी कार्यालयात. स्वतःविषयीची बातमी ते स्वतःच लिहून आणीत. तीत त्यांचा उल्लेख ‘ज्येष्ठ विचारवंत, शिक्षणप्रेमी व शेतकऱ्यांचे कैवारी’ असा असे. एकदा उपसंपादकाने यातला ‘विचारवंत’ काढला. दुसऱ्या दिवशी ते येऊन विचारते झाले, “जागा कमी पडली का? मंग कैवारी काढायचं व्हतं.”

शोकसभा हा त्यांचा खास प्रांत. गावात कोणी गेले की सायंकाळपर्यंत ते अध्यक्षपदी असत. भाषणात मृताचे आपल्यावर किती प्रेम होते हे ते सांगत. आपले मृतावर होते की नाही, हा विषय निघत नसे. एका सभेत त्यांना गेलेल्या माणसाचे नाव आठवेना. त्यांनी संपूर्ण भाषण ‘आपले हे’ या दोन शब्दांवर पार पाडले आणि शेवटी डोळे पुसले. डोळे कोरडे होते. मी पहिल्या रांगेत होतो.

पांढरा स्वच्छ नेहरू शर्ट, त्याच्या उजव्या खिशात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. रस्त्यात लहान मूल दिसले की ते एक बिस्कीट काढीत, मुलाच्या डोक्यावर हात ठेवीत आणि मूल पाया पडेपर्यंत बिस्कीट धरून ठेवीत. बघणारे कोणी नसले तर हात खिशाकडे जात नसे. हे मी खिडकीतून बरीच वर्षे पाहिले.

“माणसानं पायरी सोडू नये,” हे त्यांचे आवडते वाक्य. पायरी म्हणजे काय, हे त्यांच्या घरी जेवणाच्या वेळी समजे. त्यांचे वडील जन्मभर भाकरीवर जगले होते. जालन्यात आल्यावर मात्र घरात नियम झाला: घरच्यांना गव्हाची पोळी, भाकरी गड्यांना. भाकरी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेगळ्या चुलीवर होई आणि ती सालगड्याची बायको थापी. सालगडी म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर ठेवलेला माणूस; दिगंबररावांचे गडी माल घेऊन टेम्पोबरोबर शहरात येत आणि शेडमध्येच जेवत. एकदा गावाकडचा एक म्हातारा पाहुणा पोळी बाजूला सारून म्हणाला, “दिगंबर, भाकर असंल तर आण बाबा. हे पोटात बसत न्हाई.”

दिगंबररावांनी आवाज खाली आणला. “काका, भाकर गडी खातेत इथं. तुमी पाव्हणे हाव.”

म्हाताऱ्याने पोळी खाल्ली.

शुभांगी त्यांच्या मुलाची, अशोकची, एकुलती एक मुलगी. अशोक एमआयडीसीत सळयांच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. भट्टीपुढे उभे राहून तो मजुरांवर मोठ्याने ओरडू शके, असे त्याचे सहकारी सांगत. वडिलांसमोर त्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. त्याची बायको लता जाफराबादची.

१९९१ मध्ये, सहाव्या वर्षी, शुभांगीला मधुमेह झाल्याचे निदान झाले. रोज सकाळ-संध्याकाळ सुई आली. घरी रक्त तपासण्याचे यंत्र तेव्हा कोणाकडे नसे. लता काचेच्या नळीत निळे औषध घेई, त्यात लघवीचे थेंब टाकी आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. रंग निळाच राहिला तर ठीक, विटेसारखा लाल झाला तर साखर फार. दिगंबररावांनी हा दिवा स्वयंपाकघरातून न्हाणीघराच्या आडोशाला न्यायला लावला. बैठकीतल्या लोकांना तो दिसत होता.

गावातल्या डॉक्टरांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सांगितले की भात बंद करा, पोळी द्या. दिगंबररावांना हा सल्ला अतिशय पटला. “आपल्या घरात पह्यलेच पोळी असती,” असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, जणू आजार घरची रीत बघून आला होता.

पोळीवर मुलगी खंगत गेली. पोट फुगलेले, हातपाय काड्या, जुलाब थांबत नव्हते. वर्गातल्या मुली वाढल्या, हिचा गणवेश दोन वर्षे तोच राहिला. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे तिची साखर एकाएकी उतरू लागली. पोटभर जेवूनसुद्धा तिला घाम सुटे, हात थरथरत, शब्द जड होत. कारण पुढे कळले: आतडे अन्न घेत नव्हते आणि सुई मात्र आपले काम चोख करीत होती. दिगंबररावांकडे कारण आधीच तयार होते. दुकानात बसून ते गिऱ्हाइकांना सांगत, “सून सुई जास्त टोचती. जाफराबादची हाय, अंदाज न्हाई.”

आणि साखर उतरली की ते स्वतः धावत, हे मान्य केले पाहिजे. खिशातून पुडा काढून ते नातीला बिस्किटे भरवीत. अंगणात चार माणसे जमलेली असत. मुलगी सावरे, आजोबा घाम पुसत. ती बिस्किटे गव्हाच्या मैद्याची होती. ज्याने आतडे सोलवटत होते तेच औषध म्हणून दिले जात होते. त्या वेळी हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे एवढ्यापुरता त्यांना दोष देता येत नाही. पुढच्या गोष्टींपुरता येतो.

लताने हट्ट धरून मुलीला औरंगाबादला नेले. तिथल्या मुलांच्या डॉक्टरांनी वजन पाहिले, पोट पाहिले आणि काय काय खाते ते विचारले. मग नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासायला घेतला. निदान आले: सिलियॅक. गव्हातला चिकट भाग या मुलीच्या आतड्याला चालत नाही. मधुमेह असलेल्या काही मुलांत हा आजार जोडीने येतो. उपाय औषधाचा नव्हता. गहू कायमचा बंद, ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका चालेल. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही मराठवाड्यातले आहात, हे बरं झालं. भाकरी सगळ्यांना येते.”

लता परत आली त्या संध्याकाळी दिगंबरराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. माझे दार उघडे होते.

“गहू बंद म्हंजे? मंग खायाचं काय तिनं?”

“भाकर, मामंजी.”

“गड्याची भाकर? माझ्या घरात?”

“डॉक्टरनं लिहून दिलंय. गहू, मैदा, रवा, शेवया, सगळं बंद.”

“गहू बंद म्हनले आसतील. मैदा काहून? रवा काय गहू असतो का?”

“गव्हाचाच असतो की.”

“मला शिकवून राह्यली? बियान्याचा धंदा कोण करतंय या घरात, तू का मी?”

शेडमधून सालगड्याच्या बायकोचे हसणे ऐकू आले. ते लगेच थांबले.

लताने सगळे वेगळे मांडले. शेडमधल्या चुलीवर तिने स्वतःची परात आणि स्वतःचा तवा नेला आणि काम झाले की ते खिळ्याला टांगून ठेवू लागली, कोणी पोळीला घेऊ नये म्हणून. गिरणीत एकाच जात्यावर सगळ्यांचे दळण निघते. गव्हानंतर ज्वारी टाकली तर पीठ मिसळते. म्हणून गिरणी धुऊन-पुसून उघडायच्या वेळी ती दारात उभी असे आणि पहिल्या घाण्याचे चार मुठी पीठ काढून टाकून मग आपले घेई. दिगंबरराव याला ‘सोवळ्यातलं दळण’ म्हणत. हा विनोद ते दुकानात, बँकेत आणि एका शोकसभेच्या चहाच्या वेळी करीत असल्याचे मी ऐकले.

काही महिन्यांत जुलाब थांबले. मुलीच्या गालावर मांस दिसू लागले. अवेळी साखर उतरणे जवळजवळ बंद झाले. अन्न आता अंगी लागत होते, त्यामुळे इन्सुलिन वाढवावे लागले. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते. दिगंबररावांनी एवढेच उचलले. “पोळी व्हती तवा सुई कमी लागायची. भाकरीनं सुई वाढली. हिशोब बराबर हाय का न्हाई?” ऐकणारे मान डोलावत. ऐकायला हिशोब बरोबर होता.

तरी त्यांची साठी आली तेव्हा त्यांनी ‘मधुमेही बालक मेळावा’ घेतला. शाळेच्या सभागृहात, स्वतःच्या मोठ्या छायाचित्राखाली. जिल्ह्यातून आठ-दहा मुले आली होती. त्यांच्या आया एसटीने, इन्सुलिनच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून आल्या होत्या. औरंगाबादच्या त्याच डॉक्टरांना पाहुणे म्हणून बोलावले होते. प्रत्येक मुलाला व्यासपीठावर बोलावून दिगंबररावांच्या हस्ते भेट देण्यात आली: दिगंबररावांचे छायाचित्र छापलेली दिनदर्शिका आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. पहिला पुडा शुभांगीला. तिने तो हातात घेतला आणि आईकडे बघितले.

डॉक्टर खुर्चीतून उठले. “अहो, हे काय वाटताय तुम्ही?”

“ग्लुकोज हाय, डॉक्टरसाहेब. तुमीच म्हनता ना, साखर उतरली की ग्लुकोज द्या?”

डॉक्टरांनी माईक घेतला आणि बायांना सांगितले की साखर उतरली तर आधी साखर, गूळ किंवा साखरपाणी द्यायचे, बिस्कीट नाही. त्याने वेळ जातो. लेकरू बेशुद्ध असेल तर तोंडात काही कोंबायचे नाही, गालाच्या आतून ओली साखर चोळायची आणि दवाखाना गाठायचा. आणि शुभांगीसारख्या मुलाला बिस्कीट म्हणजे गहूच. बोलून झाल्यावर त्यांनी शुभांगीच्या हातातला पुडा काढून टेबलावर ठेवला. दिगंबररावांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्यांनी आणलेल्या बातमीत वाक्य होते: ‘तज्ज्ञ डॉक्टरांनी बिस्किटांचे महत्त्व पटवून दिले.’ संपादकांनी ते कापले.

ते मे महिन्यातले लग्न त्यांच्या पुतण्याचे होते; मीही पंगतीला होतो. यजमान तेच. मांडवात पंगती बसल्या, पाने वाढून झाली, पुरी-भाजी, जिलबी. लताने पंगत बसताना पाहून मुलीला सुई दिली, डबा तिच्या पानाशेजारी ठेवला आणि ती वाढप्यांच्या मदतीला आत गेली. एका पुढाऱ्याची वाट पाहणे चालू होते. ते आल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नव्हता. पंगतीवरून फिरता फिरता दिगंबरराव नातीपाशी थांबले.

“हे काय?”

“माझी भाकर, आबा.”

“घरच्या लग्नात? इतके पाव्हणे बसलेत, काय म्हनतील, दिगंबररावची नात गड्याची भाकर खाती?” त्यांनी डबा उचलला आणि मागच्या वाढप्याकडे दिला. “पुरी खा. एका दिवसानं काय व्हत न्हाई.”

“मी सुई घेतलीय आबा.”

“मंग बराबरच हाय. सुई घेतली की पचती.”

मुलगी पुरीला शिवली नाही. भात अजून यायचा होता. ती हात मांडीवर ठेवून बसली. शेजारच्या बाईने “खा की गं बाई” म्हटले, तर तिने मान हलवली. पुढारी आले. दिगंबररावांनी माईक हातात घेतला आणि स्वागताचे भाषण सुरू केले. त्यात पायरीचा उल्लेख होता. ते बोलत असताना मुलीच्या कपाळावर घाम आला, डोळे एका जागी थिजले आणि ती शेजारच्या बाईच्या अंगावर कलंडली.

आरडाओरड झाली. दिगंबरराव माईकवरूनच म्हणाले, “ऊन लागलंय, ऊन.” मग येऊन त्यांनी खिशातले बिस्कीट मोडले आणि तिच्या दातांत घालू लागले. चुरा हनुवटीवरून खाली पडत होता.

लता आतून धावत आली. सरबताच्या पातेल्याजवळची साखर तिच्या मुठीत होती.

“हात काढा,” ती म्हणाली.

सासऱ्याशी बोलताना तिने ‘मामंजी’ म्हटले नाही, असे तेवढे एकदाच ऐकले. तिने साखर ओली करून मुलीच्या गालाच्या आत चोळली. अशोकने मुलीला उचलून जीपमध्ये घातले. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिले गेले. संध्याकाळी ती शुद्धीवर आली आणि तिने पाणी मागितले. मांडवात पंगत पुढे चालू राहिली. पुढाऱ्यांना दुसरीकडे जायचे होते.

दुसऱ्या दिवशी दिगंबरराव लग्नाची बातमी घेऊन कार्यालयात आले. जाताना दाराशी थांबले. “ते लेकराचं काही छापू नका. उन्हाची चक्कर व्हती.” छापण्याचा विचार कोणी केला नव्हता.

त्याच आठवड्यात लता मुलीला घेऊन जाफराबादला भावाकडे गेली आणि परत आली नाही. तिथे तिने बालवाडीत नोकरी धरली. त्या घरात भाकरी वेगळी ठेवावी लागत नव्हती, कारण सगळेच भाकरी खात. सणाला गहू दळून आला तर मुलीची परात वर माळ्यावर जाई. दर रविवारी अशोक मोटारसायकलवरून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये इन्सुलिन घेऊन जाई. पुढे त्याने शनिवारीच जायला सुरुवात केली. दिगंबरराव लोकांना सांगत, “हवापालटासाठी धाडलंय.” हवापालट नऊ वर्षे चालला. या काळात ते नातीला भेटायला एकदाही गेले नाहीत. शेडमधली चूल मोडून तिथे त्यांनी बियाण्याच्या पोत्यांसाठी गोदाम बांधले.

दोन हजार सालानंतर ज्वारीचे दिवस पालटले. ज्यांनी ती सोडली होती त्यांनाच डॉक्टर ती खायला सांगू लागले. एका बियाणे कंपनीच्या शेतकरी मेळाव्यात दिगंबरराव वक्ते होते. त्या कंपनीच्या संकरित ज्वारीची एजन्सी त्यांच्याकडे आली होती. “भाकर ही आपली माय हाय,” ते म्हणाले. “माझ्या नातीपुढं डॉक्टरनं हात टेकले व्हते. मी म्हनलं, गहू बंद करा, लेकराला भाकर द्या. आज लेकरू बघा.” टाळ्या पडल्या. नंतर जेवणात पिठले-भाकरी होती. ते माझ्या शेजारी बसले होते. ताट आल्यावर त्यांनी वाढप्याला खुणेने जवळ बोलावले आणि हळूच विचारले, “पोळी हाय का आत?”

२००३ च्या उन्हाळ्यात शुभांगी बारावी पास झाली. जालन्याच्या वर्तमानपत्रांत तेव्हा गुणवंतांच्या सत्काराच्या बातम्या येत होत्या. मी तहसीलच्या एका कामासाठी जाफराबादला गेलो होतो. परतीच्या गाडीसाठी बसस्थानकावर आलो तेव्हा दिगंबरराव बाकावर बसले होते. हातात शाल होती, सत्काराची. लताच्या भावाच्या घरी जायला त्यांना पायरी आडवी आली असावी. त्यांनी नातीलाच स्थानकावर बोलावून घेतले होते. सोबत छायाचित्रकार आणला होता. तो पानटपरीवर उभा होता.

शुभांगी एकटी आली. आईपेक्षा बोटभर उंच झाली होती. खांद्याच्या पिशवीत तिची सुई आणि साखरेची पुडी असते, हे तिने मला नंतर सांगितले. औरंगाबादला औषधनिर्माणाच्या शिक्षणाला जायचे ठरले होते आणि वसतिगृहात भाकरीसाठी स्वतःचा स्टोव्ह ठेवायची परवानगी तिने आधीच मिळवली होती. ती वाकून पाया पडली. दिगंबररावांनी शाल घातली, छायाचित्र निघाले. मग त्यांचा हात उजव्या खिशाकडे गेला. पुडा नवा होता.

“घे. तुझ्यासाठी आणलाय.”

तिने पुडा घेतला, उलटापालटा करून पाहिला. “आबा, ह्याच्यात काय असतं?”

“ग्लुकोज.”

“अजून?”

“अजून काय? ग्लुकोजच की.”

तिने पुडा त्यांच्या खिशात परत ठेवला आणि खिशावरून हात फिरवून तो नीट बसवला. “येते मी, आबा. आई वाट बघत आसंल.”

जालन्याची गाडी लागली. दिगंबरराव खिडकीशी बसले, मी त्यांच्या मागच्या बाकावर. भोकरदन येईपर्यंत त्यांनी तो पुडा एकट्याने संपवला.